२८ वर्षं चाललेला चित्रपट दिग्दर्शकाच्या हातून कसा गेला : रिचर्ड विल्यम्स आणि 'द थीफ अँड द कॉबलर'

१५ मे १९९२ रोजी लंडनच्या कॅम्डेन टाउनमधल्या एका अ‍ॅनिमेशन स्टुडिओतलं काम थांबलं. चित्रपट वेळेत पूर्ण होईल याची हमी घेतलेल्या 'द कम्प्लिशन बाँड कंपनी'ने करारातल्या कलमाचा वापर करून चित्रपटाचा ताबा घेतला आणि दिग्दर्शक रिचर्ड विल्यम्स यांना स्वतःच्याच चित्रपटातून बाहेर पडावं लागलं. 'द थीफ अँड द कॉबलर'वर ते १९६४पासून काम करत होते. सुमारे दीड तासाच्या चित्रपटातलं दहा ते पंधरा मिनिटांचं काम उरलं होतं. विल्यम्स यांच्या नावावर तेव्हा तीन ऑस्कर होते आणि हाताने काढलेल्या अ‍ॅनिमेशनमध्ये त्यांच्या तोडीचा माणूस शोधावा लागला असता.

या प्रकरणाचं खापर सहसा त्यांच्या अतिरेकी परिपूर्णतेच्या हट्टावर फोडलं जातं. हट्ट होताच, आणि तो महागही पडला. पण याच माणसाने याच दर्जाची कामं दुसऱ्यांसाठी पूर्ण करून दिली आहेत. मग स्वतःच्या चित्रपटातच काय अडलं? आमच्या मते उत्तर निर्मितीच्या क्रमात आहे. कथेची रीळ, म्हणजे स्केचेस ओळीने जोडून केलेला सगळ्या चित्रपटाचा कच्चा आराखडा, पक्की होण्याआधी चित्रपटाचे सर्वांत अवघड शॉट पूर्ण झाले आणि ती रीळ पक्की नसतानाच तारखेला बांधलेला पैसा आला. पुढचं सगळं त्यातून ओघाने आलं.

टोरांटो ते सोहो स्क्वेअर

विल्यम्स यांचा जन्म १९ मार्च १९३३ रोजी टोरांटोत झाला. आई चित्रकार होती. पाचव्या वर्षी डिस्नेचा 'स्नो व्हाइट' पाहिला तेव्हापासून हे वेड लागलं. पंधराव्या वर्षी ते डिस्ने स्टुडिओ पाहून आले. मधली काही वर्षं मात्र त्यांनी अ‍ॅनिमेशन सोडून चित्रकला केली, त्यातली दोनेक स्पेनच्या इबिझा बेटावर. १९५५मध्ये ते लंडनला आले. १९५८चा 'द लिटल आयलंड' हा अर्ध्या तासाचा लघुपट त्यांनी तीन वर्षं खपून केला आणि त्याला बाफ्टा पुरस्कार मिळाला.

पुढे १३, सोहो स्क्वेअर या पत्त्यावर त्यांचा स्टुडिओ उभा राहिला. पोट भरायचं ते जाहिरातींवर आणि चित्रपटांच्या श्रेयनामावलीवर. 'व्हॉट्स न्यू पुसीकॅट?' (१९६५), 'द चार्ज ऑफ द लाइट ब्रिगेड' (१९६८) आणि सत्तरच्या दशकातल्या दोन 'पिंक पँथर' चित्रपटांची शीर्षकं इथलीच. जाहिरातीतून आलेला पैसा आणि उरलेला वेळ 'थीफ'मध्ये जायचा. ही व्यवस्था समजून घ्यायला हवी, कारण पुढची वीस-पंचवीस वर्षं चित्रपट याच पद्धतीने चालला. विचारायला कोणी निर्माता नव्हता, गाठायला तारीख नव्हती आणि भरायला हप्ताही नव्हता.

मुल्ला गेला, चोर राहिला

आपल्याकडे मुल्ला नसरुद्दीनच्या गोष्टी कोणाला नवीन नाहीत. विल्यम्स यांचा चित्रपट मुळात त्याच्यावरच होता. लेखक इद्रिस शाह यांच्या नसरुद्दीनच्या कथासंग्रहासाठी त्यांनी चित्रं काढली होती आणि शाह कुटुंबाच्या सहभागातून चित्रपट आकार घेत होता. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला हे संबंध तुटले आणि कथांच्या हक्कांचा प्रश्न उभा राहिला. नसरुद्दीन हातातून गेला. तोवर बरंच चित्रांकन झालेलं होतं.

उरलं काय? विल्यम्स यांनी त्या चित्रपटासाठी स्वतः घडवलेली पात्रं, त्यात एक मुका चोर. त्याच्याभोवती नवी कथा रचली गेली. एका सुवर्णनगरीच्या सर्वांत उंच मिनारावर तीन सोन्याचे गोळे आहेत. ते जागेवर असेपर्यंत नगर सुरक्षित. चोर ते पळवतो, एकाक्षांची फौज चाल करून येते आणि टॅक नावाचा मोची आपल्या एका टाचणीने ती फौज उलथवून टाकतो. वजीर झिगझॅग सगळं बोलणं यमकात बोलतो आणि त्याचा आवाज व्हिन्सेंट प्राइस यांचा. ते ध्वनिमुद्रण १९६७ ते १९७३ या काळात झालं होतं.

इथे पहिली गाठ बसली. नवी कथा रचताना जुनं जे हाताशी होतं ते वाया जाऊ द्यायचं नव्हतं. प्राइस यांचे संवाद तयार, चोराचे प्रसंग तयार, वजिराचा पत्ते पिसण्याचा अप्रतिम शॉट डोक्यात पक्का. म्हणजे कथेने प्रसंग मागण्याऐवजी प्रसंग कथा मागू लागले. चोर आणि मोची हे दोन्ही नायक मुके असणं दिग्दर्शकाला सोयीचं होतं. ओठांची जुळवाजुळव नाही आणि कुठल्याही देशात भाषांतराची अडचण नाही. पण मुक्या पात्राची गोष्ट पुढे सरकते ती फक्त कृतीतून, म्हणून प्रसंगांचा क्रम इथे नेहमीपेक्षाही चोख लागतो.

दृश्यशैली फारसी लघुचित्रांवरून घेतलेली होती. सपाट रंग, खोलीचा भास न देणाऱ्या इमारती, बारीक नक्षी. पार्श्वभूमींवर एरॉल ले केन यांनी मोठं काम केलं. त्यांचा जन्म सिंगापूरचा, आणि युद्धकाळात कुटुंब हिंदुस्थानात आल्यामुळे बालपणीची काही वर्षं आग्र्यात गेलेली. त्यांच्या नक्षीतला मोगली हात पाहिला की ही माहिती आपोआप आठवते.

म्हातारे मास्तर

विल्यम्स यांचं सर्वांत शहाणपणाचं पाऊल मात्र वेगळंच होतं. साठच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी मान्य केलं की चित्र उत्तम काढता येणं आणि हालचाल समजणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दुसरीत आपण कच्चे आहोत. स्वतःचा स्टुडिओ आणि नाव असताना त्यांनी हॉलिवूडच्या जुन्या पिढीतल्या अ‍ॅनिमेटरांना लंडनला बोलावून शिष्यत्व पत्करलं.

केन हॅरिस वॉर्नर ब्रदर्समधून आले. तिथले कार्टून-दिग्दर्शक चक जोन्स यांच्याकडे कोयोटी या सतत फसणाऱ्या कार्टून पात्राचे प्रसंग हलवणारे तेच. 'थीफ'मधल्या चोराच्या चालीत तो हात स्पष्ट दिसतो. पायांची लगबग, अंगाभोवती घोंगावणाऱ्या माश्या, आणि हातांना स्वतःचीच बुद्धी असल्यासारखी त्यांची चोरी. आर्ट बॅबिट यांनी डिस्नेकडे गूफीला व्यक्तिमत्त्व दिलं होतं. १९७३मध्ये त्यांनी सोहो स्क्वेअरमध्ये महिनाभर वर्ग घेतला; त्या टिपणांच्या झेरॉक्स प्रती पुढे जगभरच्या स्टुडिओंत फिरल्या. ग्रिम नॅटविक हे बेटी बूपचे जन्मदाते; इथे त्यांनी चित्रपटातल्या वेड्या साध्वी म्हातारीचे प्रसंग केले. एमरी हॉकिन्सही होते.

हे सगळे सत्तरीच्या आगेमागे किंवा त्याच्या पुढचे. हॅरिस १९८२मध्ये गेले, हॉकिन्स १९८९मध्ये, नॅटविक १९९०मध्ये शंभरी गाठून, आणि बॅबिट मार्च १९९२मध्ये, ताबा जाण्याच्या दोन महिने आधी. चित्रपट पूर्ण वेगाने सुरू झाला तेव्हा ज्यांच्या जोरावर तो आखला होता त्यांच्यापैकी जवळपास कोणीच टेबलावर नव्हतं.

एका मिनिटाची किंमत

आता मुख्य हिशेब. सेकंदाला २४ फ्रेम. बहुतेक स्टुडिओ एक चित्र दोन फ्रेमना वापरतात, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं. याला 'ऑन टूज' म्हणतात. विल्यम्स यांचा आग्रह 'ऑन वन्स'चा, प्रत्येक फ्रेमला नवं चित्र. मिनिटाला १,४४०, ९० मिनिटांना १,२९,६००. आणि हे एका थरापुरतं. दोन पात्रं वेगवेगळ्या सेलवर, म्हणजे चित्र उतरवायच्या पारदर्शक पत्र्यांवर असतील तर दुप्पट.

'वन्स'चा आग्रह निव्वळ लहर नव्हती. कॅमेरा पॅन होत असेल तर पार्श्वभूमी दर फ्रेमला सरकते. पात्राचं चित्र दोन फ्रेमना एकदाच बदललं, तर एका फ्रेमला ते पार्श्वभूमीसोबत वाहून जातं आणि पुढच्या फ्रेमला झटक्याने जागेवर येतं. पडद्यावर ही थरथर दिसते. वेगवान हालचालीतही तेच. स्थिर कॅमेऱ्यासमोरच्या शांत संभाषणात मात्र 'टूज' पुरेसं असतं, काही वेळा जास्त ठसठशीतही वाटतं. 'थीफ'मध्ये ही निवड शॉटगणिक करायला जागा होती. कल सतत 'वन्स'कडे राहिला.

त्यापुढची पायरी म्हणजे हाताने काढलेली कॅमेऱ्याची हालचाल. नेहमीच्या पद्धतीत पार्श्वभूमी एकदा रंगवतात, वर सेल बदलत जातात आणि रोस्ट्रम कॅमेरा, म्हणजे टेबलावरच्या चित्रांचं वरून छायाचित्रण करणारा कॅमेरा, सरळ रेषेत सरकतो किंवा जवळ-दूर होतो. कॅमेऱ्याने खांबाला वळसा घालावा, जिन्यावरून खाली उतरावं असं हवं असेल तर पार्श्वभूमीसुद्धा दर फ्रेमला नव्याने काढावी लागते. संगणक नसताना रॉय नेस्बिट यांनी असे लेआउट, म्हणजे शॉटमधल्या जागेचे आणि कॅमेऱ्याच्या वाटेचे आराखडे, हाताने बांधले. राजवाड्यात मोची चोराच्या मागे धावतो तो प्रसंग पाहा. काळ्या-पांढऱ्या चौकटींची जमीन भिंत होते, भिंत जिना होते आणि प्रेक्षकाला वर-खाली कळेनासं होतं. इथे पात्र आणि जागा दोन्ही एकाच वेळी हलतात, त्यामुळे एका रेषेची चूक पुढच्या वीस कागदांवर पसरते.

एक शॉट कसा पुढे जातो तेही पाहू. आधी लेआउट. मग अ‍ॅनिमेटर मुख्य पोझ काढतो, त्यांच्यामधली वळणाची चित्रं काढतो, एक्स्पोजर शीटवर कोणतं चित्र किती फ्रेम टिकेल ते लिहितो. मदतनीस मधली चित्रं भरतात. ही पेन्सिलची कच्ची चित्रं शूट करून हालचाल तपासतात, ती पेन्सिल टेस्ट. दुरुस्त्या होतात. मग क्लीन-अप, म्हणजे रेषा स्वच्छ करणं, सेलवर ट्रेसिंग, सेलच्या मागच्या बाजूने रंग, आणि शेवटी रोस्ट्रमवर छायाचित्रण. सेलचे थर वाढले की खालचे रंग किंचित काळवंडतात, म्हणून तोच लाल रंग कोणत्या थरावर आहे त्याप्रमाणे थोडा उजळ करून घ्यावा लागतो.

या साखळीत दुरुस्तीचा खर्च टप्प्याटप्प्याने फुगतो. कथेच्या रिळेतला बदल म्हणजे दोन-चार स्केचेस. पेन्सिल टेस्टनंतरचा बदल म्हणजे एका माणसाचे काही आठवडे. रंग झाल्यावरचा बदल म्हणजे पाच विभागांचं काम रद्दीत. म्हणून कथेचे प्रश्न रिळेवर सोडवायचे आणि हालचालीचे प्रश्न पेन्सिलवर, हा या धंद्यातला सर्वांत जुना नियम. विल्यम्स यांनी १९८८च्या एका मुलाखतीत सांगितलं होतं की 'थीफ'चं अडीच तासांचं पेन्सिल टेस्ट साहित्य त्यांच्याकडे आहे, आणि चित्रपटाचा स्टोरीबोर्ड मात्र केलेला नाही, कारण ती पद्धत त्यांना फार जखडणारी वाटते. हे एक वाक्य या प्रकरणाचा गाभा आहे. दीड तासाच्या चित्रपटासाठी अडीच तासांचं साहित्य, आणि तरीही चित्रपट अपुरा.

युद्धयंत्र आणि राजपुत्राची दहा मिनिटं

पैसा मिळवण्याचा पहिला मोठा प्रयत्न १९७८चा. सौदी राजपुत्र मोहम्मद बिन फैसल यांनी दहा मिनिटांचा नमुना करायला एक लाख डॉलर द्यायचं ठरवलं. विल्यम्स यांनी नमुन्यासाठी निवडला तो एकाक्षांच्या युद्धयंत्राच्या नाशाचा प्रसंग, म्हणजे संपूर्ण चित्रपटातला सर्वांत गुंतागुंतीचा भाग. शेकडो चाकं, दाते, तोफा, गोफणी. एक टाचणी पडते आणि एकातून दुसरं कोसळत जातं. त्या कोसळत्या यंत्रातून चोर तीन सोन्याच्या गोळ्यांमागे निर्धास्त चालत राहतो. दोन मुदती हुकल्या, १९७९च्या अखेरीला काम पूर्ण झालं आणि खर्च अडीच लाख डॉलरवर गेला. राजपुत्राला काम आवडलं. तरीही त्याने माघार घेतली.

त्याची बाजू समजून घ्यावी लागते. नमुन्यातून गुंतवणूकदाराला दोन गोष्टी कळायला हव्यात : दर्जा काय आणि सरासरी मिनिटाला काय पडतं. सर्वांत अवघड दहा मिनिटं दिल्याने दर्जा कळला, पण सरासरीचा अंदाज अडीच पटीने भीतीदायक झाला. राजवाड्यातलं साधं संभाषण, चोराचा एक विनोदी प्रसंग आणि युद्धयंत्राची एकच मिनिट असा मिसळ नमुना दिला असता तर आकडा खरा दिसला असता. चित्रपटाचा शेवट पूर्ण आणि मधला भाग अनिश्चित, अशी विचित्र अवस्थाही इथूनच सुरू झाली.

१९७७च्या 'रॅगेडी अ‍ॅन अँड अँडी'नेही इशारा दिला होता. मूळ दिग्दर्शकाच्या जागी विल्यम्स आले आणि त्या चित्रपटाने वेळ व पैसा दोन्ही ओलांडले.

दुसऱ्यांची कामं पूर्ण का झाली

आता उलट बाजूचा पुरावा. 'अ ख्रिसमस कॅरल' (१९७१) हा सुमारे २५ मिनिटांचा टीव्हीपट. कार्यकारी निर्माते चक जोन्स. कथा डिकन्सची, तिच्यात बदल करायचा प्रश्नच नव्हता; लांबी ठरलेली, प्रक्षेपणाचा नाताळ कोणासाठी थांबत नाही. शैली एकोणिसाव्या शतकातल्या कोरीव चित्रांची, म्हणजे सोपी अजिबात नाही. चित्रपट पूर्ण झाला, चित्रपटगृहातही दाखवला गेला आणि त्याला सर्वोत्तम अ‍ॅनिमेटेड लघुपटाचा ऑस्कर मिळाला. १९८२च्या 'झिगीज गिफ्ट'ला एमी मिळाला, तोही टीव्हीपटच.

'हू फ्रेम्ड रॉजर रॅबिट' (१९८८) तर याहून बोलका. यात खरे नट आणि कार्टून ससा रॉजर एकाच पडद्यावर आहेत. दिग्दर्शक रॉबर्ट झेमेकिस यांनी खऱ्या नटांचं चित्रीकरण आधी केलं. नट हवेत हात घालतो, ससा नंतर येणार. प्रत्येक फ्रेमचा मोठा फोटो छापून तो अ‍ॅनिमेटरच्या लाइट बॉक्सवर पेगला, म्हणजे कागद जागेवर धरणाऱ्या खुंट्यांना, लावला जाई आणि त्यावर रॉजर काढला जाई. अशा मिश्र चित्रपटात कॅमेरा खिळवून ठेवायचा हा तोवरचा रिवाज. विल्यम्स यांनी तो नाकारला. कॅमेरा हवा तसा फिरू द्या, आम्ही दर फ्रेमला दृष्टिकोन बदलून काढतो, हे त्यांचं म्हणणं. मग सावली, उजेड आणि कडेची चमक असे वेगळे थर इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक या दृश्यपरिणामांच्या कंपनीत ऑप्टिकल प्रिंटर या यंत्रावर एकाच फिल्मवर एकत्र केले, म्हणून ससा खोलीत उभा असल्यासारखा दिसतो. विल्यम्स यांना या चित्रपटासाठी विशेष कामगिरीचा ऑस्कर मिळाला, आणि दृश्यपरिणामांच्या ऑस्करमध्ये वाटा.

तंत्राची अवघड पातळी इथे 'थीफ'इतकीच होती. तरी चित्रपट वेळेत आला. कारण साधं आहे. अ‍ॅनिमेटरच्या हातात शॉट यायचा तो संकलित होऊन, फ्रेमपर्यंत मोजलेल्या लांबीचा. कल्पना सुचली म्हणून तो बारा सेकंदांचा वीस सेकंद करता येत नव्हता. झेमेकिस यांनी जी भिंत बांधून दिली होती, तिच्या आत विल्यम्स यांचा हट्ट फक्त दर्जात उतरला. 'थीफ'मध्ये दिग्दर्शक, निर्माता, सहलेखक आणि प्रमुख अ‍ॅनिमेटर हे एकच गृहस्थ होते. त्यांना 'हा शॉट इथेच संपतो' असं सांगायला खोलीत दुसरं माणूसच नव्हतं.

हमीचा करार कसा चालतो

'रॉजर'च्या यशाने दारं उघडली. निर्माते जेक एबर्ट्स १९८६पासून पैसे घालत होते; त्यांच्या अलाइड फिल्ममेकर्सने अखेर सुमारे एक कोटी डॉलर दिले. जपानी गुंतवणूकही आली. आणि १९९०मध्ये वॉर्नर ब्रदर्सशी 'निगेटिव्ह पिकअप' करार झाला.

हा करार तरुण चित्रपटकर्त्यांनी नीट समजून घेतलाच पाहिजे. वितरक आज पैसे देत नाही. तो लिहून देतो की अमुक तारखेला, अमुक लांबीचा, कथेनुसार पूर्ण झालेला चित्रपट माझ्या हातात आला तर मी अमुक रक्कम देईन. हा कागद तारण ठेवून बँक किंवा गुंतवणूकदार निर्मितीला पैसा पुरवतात. पण चित्रपट पूर्णच झाला नाही तर कागदाची किंमत शून्य. म्हणून तिसरा पक्ष येतो, कम्प्लिशन बाँड देणारी कंपनी. ती शुल्क घेऊन हमी देते की चित्रपट ठरल्या वेळेत पूर्ण होईल, नाहीतर वाढीव खर्च आमचा. त्या बदल्यात तिला हिशेब तपासायचा, वेळापत्रक मागायचा आणि शेवटी निर्मिती ताब्यात घेऊन दिग्दर्शक बदलायचाही अधिकार मिळतो. सही करतानाच हा अधिकार दिलेला असतो. नंतर कोर्टात रडून उपयोग नसतो.

अशी सही करण्याआधी मोजता येईल असं वेळापत्रक हातात लागतं : एकूण शॉट किती, प्रत्येक किती फुटांचा, आठवड्याला किती फूट बाहेर पडतात. ३५ मिलिमीटर फिल्मचं मिनिट म्हणजे ९० फूट. पूर्ण दर्जाच्या कामात एक अ‍ॅनिमेटर आठवड्याला चार-पाच फूट, म्हणजे जेमतेम तीन सेकंद देतो. शेवटी उरलेल्या पंधरा मिनिटांना हे लावून पाहा. १,३५० फूट, पाच फुटांच्या वेगाने २७० माणूस-आठवडे. वीस अनुभवी अ‍ॅनिमेटर असले तरी साडेतेरा आठवडे, आणि त्यानंतर क्लीन-अप, रंग, कॅमेरा. काम पूर्ण व्हायला घाईघाईचे सहा महिने लागतील असा तेव्हा अंदाज होता, तो या गणिताशी जुळतो. सहा महिने ही मोठी मागणी नव्हती. पण मूळ मुदत १९९१मध्येच उलटून गेली होती आणि रीळ पक्की नसल्याने 'पंधराच मिनिटं उरली' यावर विश्वास ठेवायला हमीदाराकडे आधार नव्हता.

शेवटचे महिने

१९८९नंतर युरोप आणि कॅनडाच्या कलाशाळांतून तरुण मुलं गोळा केली गेली. विल्यम्स यांचा मुलगा अलेक्झांडरही त्यांत होता. आठवड्याला साठ-साठ तास काम चाले. हात तयार नसेल तर माणूस लगेच कमी केला जाई, आणि असे पुष्कळ गेले. नव्या माणसाला चोराची चाल शिकवायला महिना-दोन महिने जातात. तो गेला की तेवढा वेळ बुडाला. शिवाय वीस वर्षांपूर्वीच्या शॉटला आजचा शॉट जोडायचा, म्हणजे रेषेची जाडी, रंगाची छटा, पात्राची ठेवण सगळं जुळवायचं. प्राइस यांच्याकडून १९९०च्या सुमारास आणखी संवाद घेतले, पण वय आणि आजारपणामुळे काही ओळी राहूनच गेल्या.

हमीदार कंपनीने फ्रेड कॅल्व्हर्ट या टीव्ही अ‍ॅनिमेशनच्या निर्मात्याला स्टुडिओची पाहणी करायला पाठवलं. काम वेळापत्रकाच्या फार मागे आहे आणि अंदाजपत्रक ओलांडलं आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. १३ मे १९९२ रोजी वॉर्नरला वर्कप्रिंट, म्हणजे चित्रपटाची अपुरी कामचलाऊ प्रत, दाखवली गेली. पूर्ण झालेले शॉट, पेन्सिल टेस्ट, आणि रिकाम्या जागी घाईने काढलेली स्टोरीबोर्डची स्केचेस. पार्श्वसंगीताच्या जागी तात्पुरती 'शेहरझाद' ही पाश्चात्त्य अभिजात संगीतरचना. ज्या रिळेने १९७३मध्ये सुरुवात व्हायला हवी होती ती, दुर्दैवाने, शेवटच्या आठवड्यांत आणि पैसेवाल्यांना समजावण्यासाठी तयार झाली. वॉर्नरने अंग काढून घेतलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये डिस्नेचा 'अलाद्दीन' येणार होता. वजीर, राजकन्या आणि अरबी नगर असलेला दुसरा चित्रपट त्यानंतर बाजारात उतरवणं कोणालाही जड गेलं असतं. दोन दिवसांनी ताबा गेला.

वॉर्नर गेल्यावर हमीदाराचं गणित बदललं. चित्रपट पूर्ण करणं भाग, आणि तोही किमान खर्चात, विकला जाईल अशा रूपात. कॅल्व्हर्ट यांनी उरलेलं काम बाहेरच्या स्टुडिओंत वाटलं, गाणी घातली, मोचीला आवाज दिला. विल्यम्स यांनी पूर्ण केलेले कितीतरी शॉट यात कापले गेले, हे सर्वांत जिव्हारी लागतं. वर्षानुवर्षं खपून रंगवलेलं काम कात्रीखाली गेलं आणि त्याच्या शेजारी घाईचे शॉट येऊन बसले. 'द प्रिन्सेस अँड द कॉबलर' सप्टेंबर १९९३मध्ये ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिकेत लागला. अमेरिकेत मिरामॅक्सने आणखी कापाकापी करून 'अरेबियन नाइट' या नावाने ऑगस्ट १९९५मध्ये आणला, तेव्हा मुक्या चोराच्या तोंडीही अखंड स्वगत घातलं. हॅरिस यांच्या विनोदाची लय शांततेवर बेतलेली आहे. थांबणं, नजर, मग हात. त्या थांबण्यावरच शब्द ओतले की विनोद घडण्याआधीच सांगून टाकला जातो. तिकीटखिडकीवर कमाई अगदीच तुटपुंजी झाली.

त्यानंतरची वर्षं, आणि कोणती प्रत पाहावी

विल्यम्स यांनी या चित्रपटाबद्दल बोलणं वर्षानुवर्षं टाळलं. नव्वदच्या दशकात त्यांनी देशोदेशी कार्यशाळा घेतल्या. त्यातून २००१मध्ये 'द अ‍ॅनिमेटर्स सर्व्हायव्हल किट' हे पुस्तक झालं. हॅरिस, बॅबिट, नॅटविक यांच्याकडून उचललेलं चालीचं, वजनाचं, टायमिंगचं सगळं ज्ञान त्यात आहे. मुंबई-पुण्यात अ‍ॅनिमेशन शिकणाऱ्या मुलांच्या टेबलावर आजही ते असतं. 'थीफ'वर खर्ची पडलेल्या वर्षांचा सर्वांत मोठा लाभ या पुस्तकाच्या रूपाने इतरांना झाला, असं आम्हाला ठामपणे वाटतं.

शेवटची काही वर्षं ते ब्रिस्टलमध्ये आर्डमन या अॅनिमेशन स्टुडिओत बसून चित्रं काढत होते. सहा मिनिटांचा 'प्रोलॉग' (२०१५) त्यांनी जवळपास एकट्याने कागदावर पेन्सिलीने केला आणि त्याला ऑस्करचं नामांकन मिळालं. सेल नाही, ट्रेसिंग नाही, रंगखातं नाही. अ‍ॅनिमेटरचा कागदच अंतिम चित्र. त्यामुळे मुदत आणि माणसांची साखळी हे दोन्ही प्रश्न मुळातच मिटले. १६ ऑगस्ट २०१९ रोजी, वयाच्या ८६व्या वर्षी त्यांचं निधन झालं.

अभ्यासासाठी 'थीफ' पाहायचा असेल तर प्रतींमधला फरक माहीत हवा. १३ मे १९९२ची मूळ वर्कप्रिंट 'अ मोमेंट इन टाइम' या नावाने विल्यम्स यांच्या उपस्थितीत डिसेंबर २०१३मध्ये लॉस एंजेलिसला अ‍ॅकॅडमीने आणि जून २०१४मध्ये लंडनला बीएफआयने (ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने) दाखवली. दिग्दर्शकाच्या मनातला क्रम आणि लांबी तिच्यातच आहे. गॅरेट गिलख्रिस्ट यांनी २००६पासून वेगवेगळ्या प्रतींतून जुळवलेली 'रीकॉबल्ड कट' ही चाहत्यांची प्रत शॉटचा दर्जा पाहायला उत्तम. १९९५ची प्रत एकदाच पाहावी, तीही वर्कप्रिंटनंतर आणि युद्धयंत्राचा प्रसंग शेजारी ठेवून. आवाज पूर्ण बंद करून तोच प्रसंग पुन्हा चालवला, की कोणता शॉट कोणाच्या हातचा आहे ते एक्स्पोजर शीट न पाहताही ओळखू येऊ लागतं.